एका वाराचे दोन हात

मुलगी बघायला गेलं की लोक नाकडोळे बघतात, रंग बघतात, केसांची लांबी बघतात. सेव्वलूरच्या फुलवाल्या बायका आधी कोपर बघतात. मुलीला शेजारी बसवायचं, मायेने तिचा हात हातात घ्यायचा, आणि बोलता बोलता कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत नजर फिरवून आणायची. हात जेवढा आखूड, तेवढी मुलगी लाखमोलाची. कारण देवळासमोरच्या गल्लीत मोगऱ्याची सर हातावर विकतात. भाव सगळ्यांचा एक असतो, हात मात्र ज्याचा त्याचा.

पेच्चियम्माचा हात सगळ्या गल्लीत आखूड होता. बाई चांगली उंचनिंच, खांद्याने रुंद, आणि कोपराखाली मात्र शाळेतल्या पोरीएवढा हात. तीस वर्षं ती त्या हातावर जगली, त्यावरच तिने माडीचं घर बांधलं. सर मोजून झाली की सुरी लावण्याआधी दोन बोटं आणखी सोडायची आणि म्हणायची, "घे गं राणी, हे देवीच्या नावानं वर." गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. वर मिळालेली दोन बोटं सगळ्यांना दिसायची, आधीच गेलेली चार कुणाला दिसायची नाहीत.

यात कुणाला काही वावगं वाटत नसे. देवाने दिलेल्या हाताला कोण काय बोलणार? पण बोटं दुमडून मोजणं ही मात्र चोरी. ती गल्लीत कुणी खपवून घेत नसे. मागे एकीने दुमडली, तर बायकांनी तिची टोपली गटारात उलटी केली आणि तिला केसाला धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेली. ती आता बसस्टँडवर लिंबं विकते, आणि तिच्याकडून लिंबंसुद्धा लोक मोजून घेतात.

अशा पेच्चियम्माच्या पदरात सून पडली ती सोर्णम. पडली म्हणजे टाळता आली नाही. सोर्णम तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. भावाच्या मुलीवर बहिणीच्या मुलाचा हक्क, असा तिकडचा रिवाज. आणि गाळ्याची पागडी भावाने भरलेली, त्यामुळे पेच्चियम्माला नाही म्हणायला तोंड नव्हतं. आत्याही तीच आणि सासूही तीच. पोरगी देखणी होती, कामाला वाघ होती, जिभेने गरीब होती. पण हात लांब. बोटं तर अशी लांबसडक की गल्लीतल्या बायका तिला बघून हसायच्या आणि पेच्चियम्माला विचारायच्या, सुनेला फुलं विकायला आणलीस की नारळ उतरवायला?

लग्नानंतर वर्षभर सोर्णम गाळ्यावर बसली. गिऱ्हाइकं शहाणी, तिच्यासमोर रांग लागायची आणि शेजारी सासू माश्या मारत बसायची. दुपारपर्यंत टोपली रिकामी आणि गल्ला अर्धा. एक दिवस सासूने तिला उठवली आणि घरी गुंफायला बसवली ती कायमची. सोर्णम केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या धाग्याने, कळ्या बांधायची, मध्ये मरवा घालायची, सोप बोटाला कापत राहायचा. तिला त्याचं फार दुःख नव्हतं. तिला तेनू झाली होती. चार वर्षांची ती पोर दिवसभर तिच्या मांडीशी बसून फुटक्या कळ्या वेचायची आणि एकटीच बडबडायची. सोर्णमचं सगळं जग त्या बडबडीएवढं होतं, आणि ते तिला पुरत होतं.

भाऊ जिवंत होता तोवर पेच्चियम्माने जीभ आवरली. गेल्या दिवाळीच्या सुमाराला तो गेला, आणि बाराव्याच्या जेवणाची पानं उचलायच्या आत हिने शेजारच्या गावातल्या पवुनु नावाच्या मुलीचा हात बघून ठेवला. सोर्णमला हे कुणी आडून सांगितलं नाही. रात्री ताकभात वाढताना सासूनेच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. चैत्रातला देवीचा रथ झाला की तू आईकडे जा. पवुनुचा हात माझ्याहून एक बोट आखूड आहे, असा हात पुन्हा मिळायचा नाही.

"आणि तेनू?" सोर्णमने विचारलं.

"तेनूला कुठं नेतेस?" पेच्चियम्माने पोरीला ओढून मांडीवर घेतली, तिचा हात स्वतःच्या हाताला लावला. दर दोन दिवसांनी ती असा लावून बघायची. "हा बघ. पोर माझ्या हातावर गेलीय. ती इथंच राहणार."

सोर्णमने नवऱ्याकडे बघितलं. वेलुच्चामी ताटातली मिरची शोधत होता. आईच्या आणि बायकोच्या मध्ये पडायची वेळ आली की त्याला ताटात नेहमी काहीतरी सापडायचं. त्या दिवशी मिरची सापडली, त्याने ती चावली आणि पाणी मागितलं.

रथाच्या फुलांची सेवा पेच्चियम्माच्या घराकडे तिच्या सासूपासून होती. गल्लीत तिचा जो मान होता तो या सेवेचा. मागच्या वर्षापर्यंत देवळाचे कारभारी हातावरच सर सांगायचे, पेच्चियम्मा स्वतःच्या हाताने मोजून द्यायची, आणि कमीजास्त झालं तर तिथल्या तिथे पाच-पंचवीस हात आणखी चढवून वेळ निभावून न्यायचे. यंदा विश्वस्त नवे आले, चोक्कलिंगम अय्या. जन्म कापडाच्या दुकानात गेलेला माणूस. प्रसादाचा केळीचा पानतुकडाही तो गजाने मोजला असता. रथाला यंदा एक थर वाढवला होता. अय्यांनी दुकानातला लोखंडी गज आणून एकेक थर स्वतः मोजला आणि पेच्चियम्माला बोलावून सांगितलं की दोनशे वार सर लागेल, एक वीतही कमी चालणार नाही.

"दोनशे वार म्हणजे चारशे हात," पेच्चियम्मा म्हणाली. "वाराचे दोन हात, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं, अय्या."

अय्यांनी मान डोलवली. हिशेब बरोबरच होता. हात कुणाचा, हे दोघांनीही विचारलं नाही.

घरी सोर्णमने ऐकलं आणि तिला गज आठवला. लग्नाची साडी घेताना तिने गंमत म्हणून दुकानातल्या गजाशेजारी आपला हात ठेवून पाहिला होता. दोन हात भरले तेव्हा गज बरोबर संपला होता. म्हणजे अख्ख्या गल्लीत वाराशी जुळणारा हात एकच, आणि तोच घरात लपवून ठेवलेला. सासूचा हात त्याहून चार बोटं कमी. एका हाताला चार बोटं, तर चारशे हातांना किती, हे तिला आकड्यात सांगता आलं नसतं. पण रथाचा एखादा थर उघडा पडेल एवढं तिला दिसत होतं.

तिने सांगितलं. हे तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं, कारण पुढे कुणी ते म्हणणार नाही. सर मोजायला बसलेल्या सासूजवळ जाऊन ती हळूच म्हणाली, "अत्ते, अय्यांचा वार दुकानातला आहे. तुमचे दोन हात त्याला पुरायचे नाहीत. मी मोजू का?"

पेच्चियम्माने मान वर केली नाही. "तुझा हात लांब झाला तो बापाच्या घरून काही आणायला नाही झाला," ती म्हणाली. "माझी फुलं उधळायला झाला. जा, सोप भिजत घाल."

सोर्णमने नवऱ्याला सांगून पाहिलं. आईला कळतं, तो म्हणाला आणि कूस वळवली. त्यानंतर ती गप्प बसली. आणि खोटं कशाला बोलायचं, गप्प बसताना तिला थोडं बरंही वाटलं. पडू दे उघडा, असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं. माणसाच्या मनात असं येतं. तिने ते तिथेच झटकलं आणि सोप भिजत घातला.

रथाच्या दिवशी सकाळी आठ टोपल्या देवळात गेल्या. पोरं कळसाजवळ चढली आणि सर वरून खाली गुंडाळत आली. वरचा थर भरला, मधले भरले, अबोलीच्या पट्ट्या चमकायला लागल्या, बायकांनी कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढली. आणि सगळ्यात खालच्या थराशी येऊन टोपल्या संपल्या. वरचा थर उघडा राहिला असता तर कुणाच्या ध्यानात आलं नसतं. हा चाकांच्या वरचा, माणसाच्या डोळ्यांसमोरचा. नवं पिवळं लाकूड तसंच्या तसं दिसत राहिलं, आणि देवीला परकराशिवाय उभी केल्यासारखं वाटून एका म्हातारीने डोळ्यांवर पदर घेतला.

चोक्कलिंगम अय्यांनी गज मागवला, उघडा भाग स्वतः मोजला आणि सरळ उभे राहिले.

"तेहतीस वार कमी," ते म्हणाले. "देवीचे तेहतीस वार कुणी खाल्ले?"

गल्लीतल्या सगळ्या फुलवाल्या तिथे होत्या. ही सेवा आपल्याला मिळावी म्हणून त्यांच्यातल्या निम्म्या नवस बोलत होत्या. पेच्चियम्माचा चेहरा सोपासारखा पांढरा पडला. तिचा हात मोजला गेला असता तर काय झालं असतं? लोक हसले असते. सेवा कदाचित गेली असती, गिऱ्हाइकं चार दिवस बडबडली असती. पण चोर तिला कुणी म्हटलं नसतं. तिला मात्र तीस वर्षांची माडी कोसळताना दिसली, आणि जीभ आपोआप चालली.

"मी मोजली नाही, अय्या. सुनेने मोजली."

अय्यांनी सुनेला आणायला सांगितलं. पेच्चियम्मा स्वतःच गेली. सोर्णम मागच्या ओवरीत रिकाम्या टोपल्यांपाशी तेनूला घेऊन उभी होती. सासूने तिचं मनगट धरलं आणि खांबाआड ओढली. घाईघाईने तिने सगळं सांगितलं. अय्या तुला मोजून दाखवायला सांगतील, तू बोटं दुमडून मोज, मीच अशी मोजली म्हण.

"अत्ते, खरं सांगून टाका ना," सोर्णम म्हणाली. "हात आखूड असणं हा काय गुन्हा आहे?"

"सेवा जाईल माझी. गाळा बसेल. तू घरात बसणारी बाई, तुझं काय जातंय? चार दिवस बोलतील न् विसरतील."

"आणि पवुनु?"

"पवुनु गेली खड्ड्यात." पेच्चियम्माच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. तिने दोन्ही हातांनी सोर्णमचा चेहरा धरला, पदराने तिच्या कपाळाचा घाम टिपला. "माझ्या भावाचं लेकरू तू. देवीच्या दारात उभी राहून सांगते, तुला त्या घरातून कुणी काढणार नाही. तेनू तुझ्यापाशी राहील. एवढं कर माझ्यासाठी."

लहानपणी ही आत्या जत्रेला आली की असाच चेहरा धरायची. लग्नानंतर एकदाही धरला नव्हता. सोर्णमला रडू फुटलं ते त्याने. बाकी तिने विचार केला नाही असं नाही. हात सरळ ठेवला तर सासू उघडी पडेल आणि आज संध्याकाळीच आपण बाहेर, तेनूशिवाय. दुमडला तर चोर ठरू, पण घरात, तेनूसकट. त्या हातापायी तिने पाच वर्षं बोलणी खाल्ली होती. त्याचा आज पहिल्यांदा काही उपयोग होण्यासारखा होता, आणि तो उपयोग सोडून देण्याची किंमत म्हणून पोर मिळत होती. तिला सौदा स्वस्त वाटला. तिने तेनूला सासूच्या कडेवर दिलं आणि डोळे पुसून बाहेर आली.

अय्यांनी उरलेल्या सरीचा एक तुकडा तिच्या हातात दिला. "एक हात मोज. रथाची मोजलीस तशी."

सोर्णमने टोक कोपराशी धरलं, सर हातावरून पुढे आणली, आणि चारही बोटं तळव्यात दुमडून मुठीच्या उंचवट्यावर ती तोडली. सगळ्यांसमोर, भर उजेडात. गर्दीतून सुस्कारा निघाला. अय्यांनी तुकडा गजाला लावला. अर्ध्या वाराला चार बोटं कमी.

"अशीच मोजलीस?"

"हो, अय्या."

"सासूला ठाऊक होतं?"

सोर्णमने सासूच्या कडेवरच्या तेनूकडे पाहिलं. पोर डोळे मोठे करून आईच्या मुठीकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

पेच्चियम्माने मग उशीर केला नाही. तेनूला कडेवर तशीच सावरत ती पुढे आली आणि मोकळ्या हाताने तिने सोर्णमच्या कानशिलात अशी ठेवून दिली की देवळाच्या भिंतीवर आवाज आला.

"देवीच्या फुलांत हात मारणारी बाई माझ्या घरात नको," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सख्ख्या भावाची मुलगी असली तरी नको. आजपासून ही माझी कुणी नाही."

गर्दीला हे पटलं. अय्यांनाही सुटल्यासारखं झालं. ऐन रथाच्या दिवशी सेवेचं घर बदलायचं म्हणजे कटकट. ते म्हणाले की ही घराबाहेर गेली की सेवा तुझ्याकडेच राहील, पेच्चियम्मा, उरलेले तेहतीस वार तेवढे आता गल्लीतून घेऊन भर. वेलुच्चामी रथाच्या दोराची गाठ तपासत होता. ती चांगली घट्ट होती, तरी तो तपासत राहिला.

सोर्णमला काय झालं ते कळायला जरा वेळ लागला. मग तिने हात पुढे केला आणि बोटं उघडली. "अय्या, हा बघा माझा हात. लावा गज. माझे दोन हात म्हणजे बरोबर एक वार."

अय्यांनी खरंच लावला. बरोबर अर्धा वार भरला, केसभर जास्तच. "म्हणजे एवढा हात असून दुमडलास," ते म्हणाले. आखूड हाताची बाई असती तर नाइलाज म्हणता आला असता. ही तर जाणूनबुजून चोरी. लोक हसले. पाच वर्षं ज्याने तिला छळलं तो हात आज साक्षीला आला, आणि तिच्याच विरुद्ध आला.

"अत्तेचा हात मोजा," सोर्णम म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, फाटला. "तिनेच मोजलीय. तिचा हात लावा गजाला, मग मला काय करायचं ते करा."

"तीस वर्षं घेतोय आम्ही तिच्याकडून," गर्दीतली एक बाई म्हणाली. "वर दोन बोटं जास्तच देते ती."

पण चोक्कलिंगम अय्या कापडवाले होते. मोजून बघा म्हटल्यावर न मोजता राहणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी गज पुन्हा उचलला आणि पेच्चियम्माकडे एक पाऊल टाकलं. पेच्चियम्माने तेनूला छातीशी घट्ट धरलं. दोन्ही हात पोरीभोवती, कोपरं पदराआड. सोर्णमच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात तेनूने आपला हात बाहेर काढला. इतका वेळ तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि तिला आता हा खेळ येत होता. तिने चिमुकली चार बोटं तळव्यात नीट दुमडली, अंगठा बाहेर ठेवला आणि मूठ अय्यांसमोर धरली.

"अम्मा अशी मोजते," ती म्हणाली.

मग अय्यांनी गज खाली ठेवला. एवढंसं पोर घरात बघितल्याशिवाय का करून दाखवेल, असं ते शेजारच्याला म्हणाले, आणि शेजारच्याने मान हलवली. सोर्णम काहीतरी सांगत होती, आत्ताच पाहिलंय तिने, इथंच पाहिलंय, पण तोवर दोघी फुलवाल्या तिला दंडांना धरून दाराकडे नेत होत्या आणि ढोल सुरू झाले होते. पेच्चियम्माने नातीच्या मुठीचा मुका घेतला.

उघडा थर घाईघाईने भरला गेला. दुपारी लोकांनी दोर उचलला आणि रथ हलला. सोर्णम दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी उभी होती. तिला आत घ्यायचं नाही आणि तिच्याशी बोलायचं नाही एवढं एव्हाना सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं. रथामागून पेच्चियम्मा चालत आली, डोक्यात भरगच्च गजरा, कडेवर तेनू. तेनूला गर्दीत आई दिसली. आईचा चेहरा रडका होता, म्हणून तिला हसवायला पोरीने हात उंच केला आणि बोटं दुमडून पुन्हा एकदा दाखवली.